नात्यांची अंकलिपी

तुर्की शिकायला बसलेल्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी बहुधा प्रवाशाची शब्दावली पडते. नमस्कार, आभार, हे केवढ्याला, स्टेशन कुठे आहे. ही वाक्यं कामाची असतात, पण त्यांच्या बळावर माणूस दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच पोचतो, घरात जात नाही. माझं मत असं की तुर्कीची सुरुवात नात्यांच्या शब्दांपासून करावी. आणि मराठी माणसाने तर ती इंग्रजीचं बोट सोडून थेट मराठीतून करावी. सकाळची वेळ त्याला चांगली. गळा ताजा असतो, आणि मोठ्याने उच्चार करताना कोणी ऐकतंय याचा संकोच नसतो. तुर्की ही मोठ्याने शिकायची भाषा आहे. तिचे अर्धेअधिक धडे ओठांना गिरवावे लागतात.

आई म्हणजे आन्ने. वडील म्हणजे बाबा, अगदी आपलेच बाबा. आजोबा देदे. आईची आई आन्नेआन्ने, वडिलांची आई बाबाआन्ने. आजी कोणत्या बाजूची हे हाक मारतानाच कळतं. मोठी बहीण आब्ला, मोठा भाऊ आबी. मावशी तेयझे, आत्या हाला, काका आमजा, मामा दायअ. एवढे अकरा शब्द आणि आणखी पाचसहा सासरचे घेतले, की तुर्कीच्या उच्चारांतली जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांत येऊन जाते. लहानपणी आपण अंकलिपीतून अक्षरं शिकलो, तशी ही यादी तुर्कीच्या आवाजांची अंकलिपी आहे.

‘आन्ने’ घ्या. यात ‘न’ खरोखर दोनदा म्हणायचा. इंग्रजीतून शिकणारा जोडाक्षर दिसलं तरी एकच ‘न’ उच्चारतो आणि आई ‘आने’ होते. मराठी माणसाला इथे काहीच शिकावं लागत नाही. अण्णा, अन्न, पन्नास म्हणणारी जीभ ते आपोआप करते. काकांच्या शब्दात ‘ज’साठी रोमन लिपीतलं ‘सी’ हे अक्षर येतं. इंग्रजीच्या सवयीने वाचलं तर काकांचा ‘आम्का’ होतो. तुर्कीत ‘सी’ म्हणजे नेहमी ज, आणि त्याच अक्षराला खाली शेपूट लावलं की च. मात्र मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि तुर्कीत एकच, याचं भान ठेवायचं. चहातला च आणि जीवातला ज हे तुर्की आहेत; चाकातला च आणि जाडातला ज तिथे नाहीत. ट, ड, ण, ळही नाहीत. तेयझेमधला झ हा झेड या अक्षराचा.

मोठ्या भावाच्या शब्दात तुर्कीचं सगळ्यात प्रसिद्ध अक्षर लपलेलं आहे. लिहिताना तो शब्द लांब आहे, ‘आगा’ आणि ‘बेय’ मिळून झालेला, आणि त्यातल्या ‘जी’वर छोटी चंद्रकोर असते. या अक्षराला तुर्क लोक मऊ ग म्हणतात. त्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तो मागच्या स्वराला लांबवतो आणि बाजूला होतो. बोलताना तर सगळा शब्दच आकसून ‘आबी’ होतो. दह्यासाठी जगभर फिरणारा ‘योगर्ट’ हा शब्द तुर्कीच आहे, पण त्यातला ग तुर्कांच्या तोंडी ऐकू येत नाही. ते ‘योऽर्त’ म्हणतात. भाचा आणि पुतण्या यांच्या शब्दातही हाच मऊ ग आहे, म्हणून तो ‘येयेन’ असा ऐकू येतो.

मामाच्या शब्दाशी जरा थांबावं लागतं. ‘दायअ’ असं मी लिहिलं खरं, पण शेवटचा स्वर अ नाही. तो टिंब नसलेला ‘आय’ आहे. तुर्कीत टिंबवाला आणि बिनटिंबाचा अशी दोन वेगळी अक्षरं आहेत, मोठ्या लिपीतसुद्धा; इस्तंबूलच्या पहिल्या अक्षरावर म्हणूनच टिंब असतं. बिनटिंबाचा स्वर काढायचा तर ‘उ’ म्हणायला जीभ मागे न्यायची आणि ओठ मात्र गोल न करता सैल, सपाट ठेवायचे. नागरीत त्याला चिन्ह नाही, म्हणून या लेखात तो अ-काराने भागवला आहे. याच्या उलट व्यायाम दुसऱ्या दोन स्वरांचा. ओठ ऊ म्हणण्यासाठी चोचीसारखे करायचे आणि आतून ई म्हणायची, की एक मिळतो. तसंच ओ आणि ए यांचं केलं की दुसरा. हे दोन्ही स्वर नणंदेच्या शब्दात शेजारी शेजारी बसले आहेत: ग्योर्युम्जे. सकाळी आरशासमोर नणंदेचं नाव घ्यायला हरकत नाही. ओठ बरोबर फिरले की नाही ते डोळ्यांनाही कळतं.

आत्याच्या शब्दात दीर्घ स्वराचा धडा आहे. ‘हाला’ म्हणजे आत्या. त्याच शब्दातल्या दोन्ही ‘आ’वर छोटी टोपी चढवली, स्वर लांबवले आणि ल जरा मऊ केला, की अर्थ होतो ‘अजूनही’. आत्या अजून घरीच आहे, हे तुर्कीत म्हणायचं तर ‘हालाम हाऽलाऽ एवदे’. मुलांना हे वाक्य फार आवडेल. त्यातलं ‘एवदे’ म्हणजे घरात. ‘एव’ घर, ‘दे’ म्हणजे आत. घरातून ‘एवदेन’. शब्दाला मागून प्रत्यय लागणार, क्रियापद शेवटी येणार. हे वाक्य इंग्रजीत नेऊन परत मराठीत आणायचं म्हणजे दोनदा उलटं करायचं. थेट घेतलं तर ते सरळच असतं.

प्रत्ययांचा गाभाही याच अंकलिपीत सापडतो. ‘माझा’ म्हणायचं तर शब्दाच्या शेवटी म लावायचा. आन्नेम माझी आई, बाबाम माझे वडील. शब्द व्यंजनावर संपत असेल तर मध्ये एक स्वर येतो, आणि तो स्वर कोणता हे आधीचा स्वर ठरवतो. मुलगी ‘कझ’, माझी मुलगी ‘कझम’. भावंड ‘कार्देश’, माझं भावंड ‘कार्देशिम’. नातवंड ‘तोरुन’, माझं नातवंड ‘तोरुनुम’. व्याही ‘द्युन्युर’, माझे व्याही ‘द्युन्युर्युम’. चार नाती, चार स्वर, आणि स्वरमेळाचा अख्खा नियम हातात. तुर्कीचे 8 स्वर मागचे आणि पुढचे अशा दोन घरांत राहतात आणि अस्सल तुर्की शब्दात सहसा एकाच घरातले स्वर येतात, असं व्याकरणाची पुस्तकं सांगतात. त्याच पुस्तकांत अपवादांची छोटी यादी असते, आणि तिच्यात आन्ने आणि कार्देश ठळकपणे असतात. आई आणि भावंड, नेमके हेच दोन. मला ते फार साहजिक वाटतं. जे शब्द घरात दिवसातून शंभरदा हाकारले जातात त्यांचे कोपरे झिजतात. आन्नेचं जुनं रूप ‘आना’, कार्देशचं ‘कार्दाश’. दोन्ही नियमात बसणारी, आणि अनातोलियाच्या खेड्यापाड्यांत ती आजही कानावर पडतात.

त्या ‘कार्दाश’चं आणखी जुनं रूप ‘कारनदाश’ असं आहे. ‘कारन’ म्हणजे पोट. एका पोटात वाढलेले ते. हाच ‘दाश’ मग घराबाहेर पडतो. ‘आर्का’ म्हणजे पाठ, आणि ‘आर्कादाश’ म्हणजे मित्र, पाठीशी असणारा. ‘योल’ म्हणजे वाट, ‘योल्दाश’ वाटेवरचा सोबती. ‘वातान’ म्हणजे देश, ‘वातान्दाश’ नागरिक. ‘आद’ म्हणजे नाव, आणि एकाच नावाची दोन माणसं भेटली की ती एकमेकांची ‘आदाश’. पोटापासून देशापर्यंत हा एक छोटासा तुकडा जातो, आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो तेच: तुमच्यात काय सामाईक आहे? नागरिक या कोरड्या शब्दात भावंडाच्या शब्दाची शेपटी असावी, हे मला या भाषेचं मोठं देणं वाटतं.

कार्देश या शब्दाला इंग्रजीत ‘सिब्लिंग’ आहे खरा, पण तो घरगुती बोलण्यातला नाही. पुस्तकं ‘ब्रदर ऑर सिस्टर’ असं लिहून वेळ मारून नेतात. मराठीत भावंड आहे, आणि तेही नपुंसकलिंगी! पण इथून पुढे मराठी माणसाचीही कसोटी लागते. तुर्कीत व्याकरणातलं लिंग नाहीच. तो, ती, ते या तिन्हींसाठी एकच शब्द आहे, ‘ओ’. ‘कार्देशिम गेल्दी’ म्हणजे माझं भावंड आलं. भाऊ की बहीण हे वाक्य सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला घाईही नसते. आपल्या मराठीत क्रियापदसुद्धा स्त्री-पुरुष विचारल्याशिवाय हलत नाही. तुर्की वाक्य बोलताना ती सवय गळून पडते, आणि काही दिवस मन चाचपडतं. ते चाचपडणं चांगलं असतं. एखाद्याबद्दल चार वाक्यं बोलून झाली आणि ते माणूस बाई आहे की पुरुष याची गरजच पडली नाही, हा अनुभव मराठीत मिळत नाही.

आता सासरकडे वळू, कारण खरी श्रीमंती तिथे आहे. दोन भावांच्या बायका एकमेकींच्या कोण? आपण जावा म्हणतो, तुर्कीत ‘एल्ती’. दोन बहिणींचे नवरे? आपण साडू, ते ‘बाजानाक’. नवऱ्याची बहीण आणि बायकोची बहीण वेगळ्या, आपल्याकडे नणंद आणि मेव्हणी, त्यांच्याकडे ग्योर्युम्जे आणि बाल्दझ. मुलामुलीच्या लग्नाने जोडलेली आईवडिलांची दोन जोडपी आपल्याकडे व्याही-विहिणी, तिकडे द्युन्युर. ‘सिस्टर-इन-लॉ’ या एका जोडशब्दात जाऊ, नणंद, मेव्हणी आणि वहिनी अशा चौघींना कोंबून मराठी मुलं तुर्की शिकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या जागांना आपल्या घरात नावं आहेत, त्या नावांवरच पलीकडचं नाव लिहावं. साडू म्हटल्याबरोबर जो चेहरा डोळ्यासमोर येतो, त्याला बाजानाक हा शब्द चिकटला की तो सुटत नाही.

नकाशे सगळीकडे जुळतात असंही नाही. काकू, मामी, वहिनी या तिघींना तुर्कीत एकच शब्द आहे, ‘येंगे’. लग्न करून आपल्या घरात आलेली बाई ती येंगे. आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, बहिणीचा नवरा हे सगळे ‘एनिश्ते’. भाचा, भाची, पुतण्या, पुतणी चौघंही येयेन. चुलत, मामे, मावस, आते अशी सुटसुटीत विशेषणं तुर्कीकडे नाहीत; काकांचा मुलगा, मामाची मुलगी असं उलगडून सांगतात, किंवा फ्रेंचमधून आलेला ‘कुझेन’ वापरतात. इथे मराठी अधिक बारीक विणलेली आहे. उलट दुधाचं नातं तुर्कीने नीट जपलं आहे. एकीच्या अंगावर दूध प्यालेली दोन घरांतली मुलं ‘स्युतकार्देश’ होतात आणि त्यांच्यात लग्न होत नाही. दूधभाऊ हा शब्द मराठी कोशात आहे, तो आता क्वचित ऐकू येतो.

हे शब्द घरापुरते राहत नाहीत, म्हणून ते लवकर शिकायचे. इस्तंबूलच्या रस्त्यात अनोळखी माणसाला हाक मारताना तुर्क माणूस आबी म्हणतो, बाईला आब्ला. आपले दादा आणि ताई. वय झालेला पुरुष दिसला की आमजा, वय झालेली बाई दिसली की तेयझे. म्हणजे काका आणि मावशी. जरा विचार करा, आपणही परक्या पुरुषाला वडिलांच्या बाजूने आणि परक्या बाईला आईच्या बाजूने बोलावतो. मामा कधीमधी म्हणतो, तेही दायअ म्हणतात. पण अनोळखी बाईला आत्या कोणी म्हणत नाही, आणि तिकडे हालाही म्हणत नाहीत. मला वाटतं आत्या हे मानाचं, हक्काचं नातं आहे, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारीचं. तो हक्क रस्त्यावर कोणाला देता येत नाही. मावशीकडे माणूस काही मागायला, विसावायला जातं. मित्राच्या बायकोला आपण वहिनी म्हणतो, तुर्क येंगे म्हणतो. नावासकट हाक मारायची तर नाव आधी, नातं नंतर: आयशे तेयझे, मेहमेत आबी. सुमनमावशी, रमेशदादा. आणि तेयझे ऐकून काही बायकांच्या कपाळावर आठी पडते, त्यांना आब्ला हवं असतं; ते अंतर कुठे ओढायचं हे मुंबई-पुण्यात वाढलेल्याला शिकवावं लागत नाही.

आदरार्थी ‘बेय’ आणि ‘हानम’ हेही नावामागून येतात, आपल्या राव आणि बाईसारखे. 1934 साली तुर्कस्तानात कायद्याने प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं आणि त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने बेय, हानम, एफेंदी, पाशा अशा उपाध्या रद्द केल्या. कागदावरून त्या गेल्या. बोलण्यात बेय आणि हानम आजही आहेत, आणि आबी-आब्लाला तर कोणत्याच कायद्याने हात लावला नाही.

कायदा सगळ्यात खोल गेला तो लिपीत. 1 नोव्हेंबर 1928 रोजी अरबी लिपीऐवजी रोमनवर आधारलेली नवी वर्णमाला संसदेने मंजूर केली. आजच्या वर्णमालेत 29 अक्षरं आहेत. अरबी लिपीत स्वर थोडेच लिहिले जातात आणि तुर्की ही स्वरांवर जगणारी भाषा, हे त्यामागचं एक खरं कारण होतं. नव्या लिपीत जसं लिहाल तसं वाचाल, हे नागरीत वाढलेल्याला घरच्यासारखं वाटतं. आजचा नवशिका थोड्या दिवसांत कोणतीही पाटी वाचू लागतो तो त्या निर्णयामुळे. पण त्याच निर्णयाने देदेंची पत्रं तोरुनला परकी झाली. आपल्या कपाटांत पणजोबांचे मोडी कागद असतात आणि वाचणारा जाणकार शोधावा लागतो. हे दुःख ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तुर्की घरातली ती पेटी न उघडताही कळेल.

शब्दांचं जुनं येणंजाणंही आहे. फारसीच्या वाटेने तुर्की ‘तोप’ मराठीत तोफ होऊन आला, आणि तोफचीमधला ‘ची’ हा काम करणाऱ्याचा तुर्की प्रत्ययही सोबत आला. तिकडे याच प्रत्ययाने चहावाला ‘चायजअ’ होतो आणि कोळी ‘बालकचअ’. विजापूरच्या बुरुजावरची मुलुख-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, आणि ती ओतणारा मुहंमद हा रूमी, म्हणजे उस्मानी मुलुखातून आलेला होता. आजच्या तुर्कीत तोप म्हणजे मुलांचा खेळायचा चेंडूसुद्धा. काही शब्द दोन्हीकडे अरबी-फारसीतून आले आणि वेगळ्या घरी नांदले. आपला मुसाफिर प्रवासी आहे, त्यांचा ‘मिसाफिर’ पाहुणा. आपली तक्रार गाऱ्हाणं आहे, त्यांचं ‘तेकरार’ म्हणजे पुन्हा एकदा. शिकणाऱ्याला हा शब्द फार लागतो.

या सगळ्या शब्दांची एकत्र गाठ पडते ती रमझान ईदच्या सकाळी. तिकडे त्या सणाला रामाझान बायरामअ म्हणतात, आणि गोडधोडामुळे शेकेर बायरामअ, साखरेचा सण, असंही म्हणतात. नवे कपडे घालून धाकटे थोरांकडे जातात, आधी देदे आणि आजीकडे, मग आमजा, दायअ, हाला, तेयझे. थोरांचा उजवा हात ओठांना लावायचा आणि मग कपाळाला टेकवायचा. हातात गोळ्या, चॉकलेट किंवा पैसे येतात. जो लांब आहे तो फोनवर म्हणतो, ‘एल्लेरिन्देन ओपेरिम’, तुमच्या हातांचं चुंबन घेतो. थोर माणूस धाकट्याला म्हणतो, ‘ग्योझ्लेरिन्देन ओपेरिम’, तुझ्या डोळ्यांचं चुंबन घेतो. आपल्या जुन्या पत्रांत वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार आणि लहानांना अनेक आशीर्वाद लिहीत, तशी ही जोडी आहे. कोणी कोणाला काय म्हणायचं ते वयाने ठरतं. दोन्ही वाक्यं आजच्या सकाळी म्हणून पाहावीत. ‘ओपेरिम’चा पहिला स्वर तोच, ओठ गोल आणि आतून ए.